उत्तर: पक्षाघातानंतर नळी सतत उपसली जात असेल तर

पक्षाघातानंतर गिळता येत नाही म्हणून अन्नासाठी नाकातून पोटात घातलेली नळी रुग्ण ओढतो, म्हणजे त्याला ती नकोच आहे, असं काहींचं म्हणणं असतं. शुद्धीत, समजून दिलेला नकार वेगळा. तो मानलाच पाहिजे. पण पहिल्या आठवड्यात बहुतेकदा कारण असतं गोंधळलेली अवस्था, जाड नळी किंवा सैल झालेली चिकटपट्टी. 14–16 फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी टोचते. दीर्घ आहारासाठी 8–10 फ्रेंचची बारीक, मऊ नळी मागा. मात्र ती लवकर तुंबते, म्हणून प्रत्येक फीड आणि औषधाआधी-नंतर साधारण 30 मिली पाणी सोडा.

हात बांधणं मला शेवटचा उपायही वाटत नाही. बेचैनी वाढते आणि चांगला हात हलायचा थांबतो. त्याऐवजी जाड हातमोजे, आणि तरीही निघत असेल तर नाकातल्या पडद्यामागून फीत घालून नळी अडकवणारं नेझल ब्रायडल.

नळी पुन्हा घातल्यावर ती पोटातच आहे का हे बघायला नळीत हवा सोडून पोटावर आवाज ऐकणं विश्वासार्ह नाही, कितीही जुनी पद्धत असली तरी. नळीतून ओढून काढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचं माप) 5.5 किंवा त्याहून कमी असायला हवा. आम्लरोधक औषधं चालू असतील तर तो फसवतो, मग एक्स-रे. नाकपुडीशी सेंटिमीटरची खूण रोज बघा.

'थेट पोटातच नळी टाका' ही घाईही नको. 2005 च्या फूड ट्रायलमध्ये (पक्षाघाताच्या रुग्णांच्या आहारावरचा अभ्यास) सुरुवातीलाच पेग, म्हणजे पोटाच्या त्वचेतून थेट जठरात जाणारी नळी, टाकलेल्यांची स्थिती नाकातल्या नळीपेक्षा वाईट राहिली. चारेक आठवड्यांनीही गिळता येत नसेल तर पेगचा विचार करा. आणि तोंडाची स्वच्छता सोडू नका: नळी असली तरी दूषित लाळ फुप्फुसात जातेच.