वयात येणाऱ्या मुलग्यांशी आपण बोलतच नाही

निळीशाई (धागाकर्ता)

मुली वयात येऊ लागल्या की निदान पाळीबद्दल तरी कुणीतरी त्यांच्याशी बोलतं. आई, मावशी, शाळेतल्या बाई. ते बोलणं अपुरं असतं, दबक्या आवाजात उरकलेलं असतं, मान्य. मुलग्यांच्या वाट्याला तेवढंही येत नाही. मी १० ते १५ वयाच्या मुलांना शिकवतो आणि माझं स्पष्ट मत आहे की मुलगा ९-१० वर्षांचा झाला की पुढे त्याच्या शरीरात काय काय होणार आहे ते घरातल्या मोठ्या माणसाने त्याला बसवून सांगावं. त्याच्या विचारण्याची वाट बघू नये.

इतक्या लवकर का? मुलग्यांमध्ये हे बदल साधारण ९ ते १४ या वयात कधीही सुरू होतात (मुलींमध्ये ८ ते १३), आणि पहिला बदल घरच्यांना दिसतच नाही. आपण मिसरूड बघतो, फुटलेला आवाज ऐकतो. वृषणांचा आकार त्याच्या कितीतरी आधी वाढू लागलेला असतो. ‘आता हा मोठा व्हायला लागला’ असं घरात कुणी म्हणेपर्यंत त्या पोराने बराच काळ एकट्यानेच काढलेला असतो.

एका मुलाचं सांगतो. वय १३. पोहण्याच्या तासाला रोज काहीतरी कारण काढून बाहेर बसायचा. शर्टाच्या आत एकावर एक दोन बनियन. शेवटी बोलला तेव्हा कळलं की छातीवर एका बाजूला, स्तनाग्राच्या बरोबर खाली, नाण्याएवढी कडक गाठ आली होती. दप्तराचा पट्टा घासला तरी कळ यायची. आपल्याला कॅन्सर झालाय असं त्याने मनाशी धरलं होतं आणि आईला धक्का बसेल म्हणून घरी सांगितलं नव्हतं. वयात येणाऱ्या जवळपास निम्म्या मुलग्यांना असं कमी-जास्त होतं. शरीरातल्या इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या हार्मोन्सचं प्रमाण काही काळ डळमळतं, त्याचा हा परिणाम. बहुतेकांचं ६ महिने ते २ वर्षांत आपोआप जातं. दोन वाक्यांची माहिती. ती नसल्यामुळे एक मूल कित्येक महिने मरणाच्या भीतीत जगलं, याचा मला मनापासून संताप येतो.

रानवारा

तुमची कळकळ पोचली, पण मत पटलं नाही. मला दोन मुलगे आहेत. प्रत्येक पोराचं शरीर आपल्या वेळेने चालतं, एकाचं दहाव्या वर्षी तर दुसऱ्याचं चौदाव्या. आधीच सगळं सांगून ठेवलंत तर उशिरा सुरू होणारा मुलगा रोज आरशासमोर उभा राहून वाट बघत बसेल आणि आपल्यात काहीतरी कमी आहे असं धरून चालेल. ही नवी चिंता आपणच त्याच्या डोक्यात घालायची का?

शिवाय या वयातली लाज खोटी नसते. मुलगा दार लावून घेतो, अंगावर टॉवेल घट्ट धरतो, कारण शरीर आता त्याचं एकट्याचं झालेलं असतं. तिथे आई-बापाने व्याख्यान घेऊन घुसू नये. घरात मोकळेपणा ठेवा, विचारलं की खरं सांगा, खोटं सांगू नका. माझ्या मते एवढं पुरे.

निळीशाई

@रानवारा, विचारणार कुणाला? तुमच्या घरी मोकळेपणा असेलही, पण मी ज्या मुलांना बघतो त्यातली बहुतेक आधी फोनला विचारतात. फोन त्यांना वयात येण्याची माहिती देण्याआधी अश्लील व्हिडिओ दाखवतो. तिथली शरीरं आणि तिथलं वागणं बघून बारा वर्षांचं पोर स्वतःला मापतं. तुम्ही म्हणता ती आरशासमोरची चिंता अशी आधीच घरात आलेली आहे.

‘सांगितलं की मुलं बिघडतात’ ही भीतीही अनेकांना असते. युनेस्कोने २००९ मध्ये लैंगिकता शिक्षणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०१८ मध्ये ती सुधारली. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन त्यात नोंदवलंय की अशा शिक्षणामुळे मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत.

अबोली

माझा विरोध वेगळ्या बाजूने आहे. ‘मुलींशी निदान बोलतात तरी’ या वाक्यानेच मला त्रास झाला. काय बोलतात हो? पॅड कसं लावायचं आणि डाग पडू द्यायचा नाही. बहुतेक मुलींमध्ये पहिला बदल पाळीचा नसतोच, छातीचा असतो. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. सुरुवातीला एकीकडेच गाठ येते, दुखते, दोन्ही बाजू सारख्या नसतात. याबद्दल माझ्या मुलीला तिच्या कुठल्याच बाईंनी सांगितलं नव्हतं. पहिली एक-दोन वर्षं पाळी अनियमित असू शकते हेही नाही. महिना चुकला की पोरगी घाबरून रडते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वर्गातल्या इतर मुलींच्या आधी वाढलेल्या मुलीकडे सगळे बघतात. अकरा वर्षांची मुलगी, मनाने अजून लहान, आणि मोठी माणसं तिच्याशी बाईमाणसासारखी वागायला लागतात. लवकर वयात आलेल्या मुलींमध्ये नैराश्याचा धोका जास्त आढळतो. मला त्यात आश्चर्य वाटत नाही.

म्हणून मुलग्यांना सांगायचंच असेल तर आधी मुलींबद्दल सांगा. पाळी म्हणजे काय, डाग दिसला तर काय करायचं, ब्राचा पट्टा ओढणं ही गंमत का नाही. माझ्या मुलीच्या वर्गात एका मुलीच्या कपड्यांवर डाग पडला तेव्हा मुलगे बाकं वाजवून हसले. त्यांच्या छातीतल्या गाठीबद्दल मला वाईट वाटतं, पण माझ्या यादीत ती नंतर येते.

बालवैद्य

मी मुलांचा डॉक्टर आहे. @रानवारा यांची काळजी रास्त आहे, उपाय मात्र नेमका उलटा आहे. उशिरा वाढणारा मुलगा खचतो तो वयाचा पल्ला किती मोठा असतो हे कुणी सांगितलेलं नसतं म्हणून. १४ पूर्ण होईपर्यंत सुरुवात झाली नाही तरी बहुतेकदा काळजीचं नसतं. १४ नंतरही काहीच खूण नसेल तर तपासून घ्यावं. मुलींमध्ये ही मर्यादा १३. तसंच मुलीत ८ च्या आधी किंवा मुलग्यात ९ च्या आधी बदल दिसले तर डॉक्टरांकडे जावं. हे आकडे पालकांना माहीत असले की निम्मी धावपळ वाचते.

उंचीचंही तेच. मुली साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढतात, म्हणून बारा वर्षांच्या वर्गात बऱ्याच मुली मुलग्यांपेक्षा उंच दिसतात. मुलग्यांचा जोर साधारण साडेतेरा-चौदाच्या सुमारास येतो, त्या काळात वर्षाला ९-१० सेंटिमीटरसुद्धा उंची वाढते. आधी हात-पाय लांबतात, धड मागून येतं. म्हणून पोरगा चालताना अडखळतो, हातातल्या वस्तू पाडतो. अशा वेळी त्याला वेंधळा म्हणू नका.

उंबरठा

सगळं वाचलं. माझी भीती वेगळी आहे. हल्ली प्रत्येक गोष्टीला ‘हार्मोन्स’ हे उत्तर तयार असतं. मुलगा दार आपटतो, आईला उलट बोलतो, रात्री दोनपर्यंत जागतो, आणि वडील म्हणतात की मेंदू पंचविशीपर्यंत पिकत नाही, काय करणार. मुलांनाही ही वाक्यं पाठ झालीत. जे समजून घ्यायचं ते घ्या, पण शिस्तीची किंमत देऊन नको. ज्या मुलाला घरात कुणी ‘नाही’ म्हटलेलं नाही, त्याचं पुढे अवघड होतं.

बालवैद्य

@उंबरठा, शिस्तीबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. टेस्टोस्टेरॉन वाढलं म्हणून मुलगा चिडतो इतका सरळ हिशोब नाही. टोमणे, तुलना, अपुरी झोप, घरातली भांडणं हे सगळं त्यात असतं, आणि ‘हार्मोन्स’ म्हटलं की यातलं काहीच बघायची गरज उरत नाही. मोठ्यांनाही ते सोयीचं होतं.

मेंदूचा भाग मात्र खरा आहे. आवेगाला लगाम घालणारा कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी पक्व होतो, विशीच्या मध्यापर्यंत. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवण्याच्या खेळावर एक प्रयोग केला. मित्र बाजूला बसलेले असताना किशोरांनी एकट्याने खेळतानापेक्षा जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही. म्हणून या वयात मर्यादा घालायलाच हव्यात, विशेषतः मित्रांबरोबर बाहेर पडताना.

झोपेचं एक सांगतो. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. त्यामुळे दहाला अंथरुणावर पडूनही झोप न येणं हा हट्ट नसतो. या मुलांना ८ ते १० तास झोप लागते आणि सकाळची शाळा ती कापून घेते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या वयाच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली ती यासाठीच. अर्थात हातात फोन घेऊन दोनपर्यंत जागणं यात बसत नाही. तिथे फोन काढून घ्या.

नुकताच एकोणीस

मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यांत लहान असेन. निळीशाई सर, तुमचं म्हणणं पटतं, फक्त ते ‘बसवून सांगावं’ नको. समोरासमोर खुर्च्या टाकून, ‘आज आपण एका महत्त्वाच्या विषयावर बोलू’ म्हणून कुणी सुरुवात केली असती तर मी उठून गेलो असतो.

माझ्या बाबांनी कधीच असं बसवलं नाही. गाडीत शेजारी बसलेलो असताना, रस्त्याकडे बघत, एक-दोन वाक्यं बोलायचे आणि विषय बदलायचे. मी बारा-साडेबारा वर्षांचा असताना म्हणाले, ‘काही दिवसांनी रात्री झोपेत वीर्य बाहेर येईल, चादर ओली होईल. बहुतेक मुलग्यांना होतं. सकाळी चादर धुण्यात टाक, कुणी विचारणार नाही.’ पुढे खरंच झालं तेव्हा मी चादर काढून टाकली आणि कुणी विचारलं नाही. माझा जवळचा मित्र पहाटे उठून चोरून चादर धुवायचा आणि ओलीच अंथरायचा. त्याला वाटायचं हा रोग आहे, ताकद निघून चाललीय.

मला खरा त्रास दुसऱ्याच गोष्टीचा झाला. पाहुण्यांसमोर ‘अरे वा, आवाज फुटला वाटतं, बोल बघू परत’ असं म्हणणारे मोठे लोक. स्वरयंत्र वाढत असताना आवाज कधी चिरकेल ते आपल्या हातात नसतं. मी काही महिने पाहुण्यांशी बोलणंच बंद केलं होतं. तेव्हा घरचे म्हणायचे, हा हल्ली घुमा झालाय.

रानवारा

@नुकताच एकोणीस, तुझ्या बाबांची पद्धत मला मान्य आहे. एक वाक्य, वेळ बघून, आणि नंतर मुलाला मोकळं सोडणं. माझा विरोध होता तो नवव्या वर्षी सगळी यादी वाचून दाखवण्याला आणि तो अजूनही आहे. बदल सुरू झाल्याची कुणकुण लागली की बोलावं. बापाचं लक्ष असेल तर कुणकुण लागते.

निळीशाई

लक्ष असलेले बाप किती? आणि ज्यांच्या घरात बाप नाही, किंवा आहे पण बोलत नाही, त्यांचं काय? कुणकुणीवर सोडलं की ती मुलं सुटतात. म्हणून मी वयावर अडून बसतो. बसवून बोलावं की गाडीत, हे मुलानुसार ठरवा. तो मुद्दा मी सोडतो.

@अबोली, बाकं वाजवणाऱ्या मुलग्यांबद्दल तुमचा राग रास्त आहे, क्रमाबद्दल मात्र मी सहमत नाही. स्वतःच्या शरीराची शरम वाटणारा मुलगा दुसऱ्याच्या शरीरावर आधी हसतो. वर्गात मी हे सतत बघतो. आपल्याला काय होतंय ते नीट कळलं की पाळीबद्दल तो जास्त शांतपणे ऐकतो. त्यामुळे मी आधी मुलगे आणि मुली वेगवेगळे बसवतो, आणि पुढच्या आठवड्यात एकत्र.

अबोली

तो आठवडाभरसुद्धा मुली त्याच वर्गात बसतात. हसण्याबद्दलचा नियम पहिल्याच दिवशी सांगा, शरीराचं विज्ञान हवं तर नंतर शिकवा. मुलग्याची शरम समजून घ्यायला मी तयार आहे, पण तोवर माझ्या मुलीने कळ काढावी हे मला मान्य नाही. आणि एकत्र बसवाल तेव्हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, नाव न घालता. हात वर करून माझी मुलगी कधीच विचारणार नाही.