प्रतिसाद: वास असेल तर दाखवाच
ताई, गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात अंगावरून पांढरं जाणं नॉर्मल असतं, असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय. अर्धंच खरं. राखाडीसर, पातळ, मासळीसारखा वास आणि संबंधानंतर तो जास्त, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीतल्या जंतूंचा तोल बिघडणं) असू शकतं. मलाही झालं होतं. नागपुरात बर्डीवरच्या मेडिकलवाल्याने खाजेची क्रीम टेकवली. ती बुरशीवरची, इथे काही कामाची नाही. डॉक्टर मॅडमनी योनीतला पीएच (आम्लपणा दाखवणारा आकडा) पाहिला, ४.५ च्या वर, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. मग जंतूंवरच्या गोळ्या दिल्या: मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. हा काही अस्वच्छतेचा रोग नव्हे, चांगले लॅक्टोबॅसिलस जंतू घटतात म्हणून होतो. त्यामुळे आतून साबणाने धुणं बंद, नागपुरी मे महिना असला तरी! याचा वेळेआधीच्या बाळंतपणाशी संबंध आढळलाय. अंगावर काढू नका, गोळ्याही मनाने घेऊ नका.