मदत हवी आहे: फेरीत दुर्बिणीत पक्षी सापडेपर्यंत तो उडून जातो

येत्या रविवारी एका निसर्ग संशोधन केंद्रात मार्गदर्शकासोबत वसंतातली पक्षीनिरीक्षण फेरी आहे. उजाडताच सुरू होईल. पायवाट सोडायची नाही, आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही (योग्यच आहे, विणीचा काळ आहे) आणि ट्रायपॉडही नको, असं कळवलंय.

अडचण अशी: नव्या पालवीत सतत हलणारे छोटे वटवटे नुसत्या डोळ्यांना दिसतात, पण दुर्बीण लावली की समोर नुसती पानं. मार्गदर्शक ‘दोनच्या काट्याला, जाड फांदीच्या वर’ सांगतात, तोवर खेळ संपलेला! माझी दुर्बीण १० बाय ४२ (दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमी) आहे आणि मला चष्मा आहे. आयकप (डोळ्याकडच्या फिरत्या कडा) पूर्ण खाली फिरवून, डायॉप्टर (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी कडी) जुळवून पाहिलं. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायचा सरावही चालू आहे. बसलेल्या पारव्यावर जमतं, वटवट्यावर नाही.

मित्राकडून ८ बाय ३२ मिळू शकते. हिशोबाने तिचा एक्झिट प्युपिल (डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास) ४ मिमी, माझीचा ४.२, म्हणजे पहाटेच्या उजेडात फार फरक पडू नये. दृष्टिक्षेत्र (एका नजरेत दिसणारा भाग) बहुधा जास्त मिळेल. फक्त तिचा आय रिलीफ (भिंगापासून डोळा जास्तीत जास्त किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १५ मिमी आहे, आणि चष्म्यातून कडा कापल्या जातील अशी धास्ती वाटते. नवीन दुर्बीण घ्यायची नाहीये, त्यामुळे मॉडेल सुचवू नका.

चष्मा लावणाऱ्यांनी सांगा: १५ मिमीमध्ये पूर्ण वर्तुळ दिसतं का, की हातात बसलेली १० बाय ४२च न्यावी?