मक्याच्या स्टार्चचा गम पावसाळ्यात सुटतोय, पक्का कसा करायचा?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी, खानापूरला माझं छोटं वर्कशॉप आहे, लाकडी पेट्या नि फ्रेमांवर व्हेनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवायचं काम. फॉर्मॅल्डिहाइडवाल्या गमनं कामावरच्या पोरांचे डोळे चुरचुरतात म्हणून मक्याच्या स्टार्चचा गम शिजवून वापरतोय. उन्हाळ्यात जोड मस्त बसतो पण आमच्याकडचा पाऊस लागला की नुसत्या ओलीनं कडा उचलतात, बुरशी पण धरते. टाकणखार घातला, चिकटपणा वाढला, पण पाण्याचं काही जमंना. हॉट प्रेस, म्हणजे तापवून दाबायचं मशीन, नाही, क्लॅम्पच आहेत. काय करावं सांगा की.

शहापूरचा:
घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात बघा, वाळली की कडक होते. ती मिसळून बघा की.

उद्यमबाग केमिकल:
खळ कडकपणाला चांगली, पण तीही पाण्यात फुगतेच हो. मूळ अडचण अशी की स्टार्चच्या साखळीवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतात, ते पाणी ओढून घेतात. टाकणखार त्या साखळ्या एकमेकांना बांधतो खरा, पण ती गाठ पाण्यात परत सुटते, म्हणून कोरडी ताकद वाढली नि ओली नाही. पक्की गाठ पाहिजे. सायट्रिक ॲसिडनं ती बसते पण साधारण 150 अंशांच्या वर उष्णता लागते, म्हणजे हॉट प्रेस आलाच, शिवाय जास्त तापलं की ॲसिड स्टार्चच तोडायला लागतं. तुमच्याकडं क्लॅम्पच आहेत तर दोन वाटा. एक, शिजवलेला स्टार्च गार करून त्यात लाकडाचा पांढरा गम (पीव्हीए) निम्मा मिसळा, यानं ओलीला फरक पडतो पण भिजण्याला नाही, आणि यात टाकणखार अजिबात नको, गुठळ्या होतात. दुसरी, याच मिश्रणात आयसोसायनेट हार्डनर (गम पक्का करणारं रसायन), गमच्या वजनाच्या 5 ते 15 टक्के, वापरायच्या अगदी आधी. खरी ताकद यातनंच येते. पाण्याशी पण त्याची रिॲक्शन होते, फेस येतो, म्हणून संपेल तेवढंच कालवा. हातमोजे नि खेळती हवा पाहिजेच, त्यानं दमा होऊ शकतो, पोरांच्या काळजीनंच तुम्ही हे सुरू केलंय म्हणून मुद्दाम सांगतोय.

खानापूरकर:
लई उपकार साहेब. पण स्टार्च एवढा घट्ट होतो की ब्रश फिरत नाही, पाणी वाढवलं तर जोड पोकळ राहतोय.

उद्यमबाग केमिकल:
पाणी वाढवू नका, जेवढं पाणी तेवढं वाळताना आकसणार. पातळ केलेला, म्हणजे ॲसिडनं साखळ्या आखूड केलेला स्टार्च मागा, कापड नि कागदवाले वापरतात. तो कमी पाण्यात पण पातळ राहतो.

चिकोडीचा मिस्त्री:
मापायचं कसं तर एकाच लाकडाचे जोड करा, आठवडाभर वाळू द्या, निम्मे कोरडे ठेवा नि निम्मे गार पाण्यात बुडवा. लाकडाच्या गमासाठीच्या युरोपच्या ईएन 204 मानकात डी3 या पाणी सोसणाऱ्या दर्जाला 4 दिवस बुडवतात. मग ओढून तोडा. लाकडाचे तंतू उपटून आले तर गम जिंकला, चकचकीत तुटला तर अजून कच्चा. आणि व्हेनिअरच्या कडेला लॅकरचा हात मारल्याशिवाय माल बाहेर काढू नका, पाणी तिथनंच शिरतं.