मदत हवी आहे: आईसाठी घरच्या घरी पोटाचं डायलिसिस

नमस्कार मंडळी. आईचं वय ६४, डायबेटीसमुळे दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आम्ही देवगड तालुक्यातले. हिमोडायलिसिस (मशीनने रक्त शुद्ध करणं) आठवड्यातून ३ वेळा, दर खेपेला ४ तास मशीनवर, वर जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यायेण्याचा प्रवास. घरी आली की तिच्यात जेवायचंही त्राण उरत नाही. त्यात हातातला फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) बंद पडलाय, सध्या मानेतल्या कॅथेटरवर (नळीवर) चाललंय आणि इन्फेक्शनची धास्ती वाटते.

डॉक्टरांनी सीएपीडी, म्हणजे घरी करायचं पोटाचं डायलिसिस, सुचवलंय. पोटात कायमची नळी, दिवसातून ३-४ वेळा २ लिटर द्रावणाची पिशवी घरीच बदलायची. आई तयार आहे, मला आशा वाटतेय.

कोकणात किंवा खेड्यात कुणी हे करतंय का? पिशव्या घरपोच येतात का, पावसाळ्यात रस्ते बंद झाले तर किती साठा ठेवता? पिशवी बदलायला वेगळी खोली लागतेच का? आमचं घर कौलारू आहे, धूळ पडते, ही मोठी काळजी. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात पोटाचं डायलिसिसही आहे, पण सिंधुदुर्ग-रत्नागिरीत ते प्रत्यक्ष कुणाला मिळालंय का? कागदपत्रं कोणती लागली?

पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचं इन्फेक्शन) झालेल्यांनीही मोकळेपणाने लिहा. नळी बसवायचा निर्णय याच महिन्यात घ्यायचाय.