पंगतीतले सात मोबाईल

ए-२०४: काल आपल्या सोसायटीत गणपतीच्या महाप्रसादाला वाढत होते. मुलांच्या ओळीत सात पानांपुढे पाण्याच्या पेल्याला टेकवलेले मोबाईल दिसले. एकीला विचारलं, "मसालेभात आवडला का गं?" ती म्हणाली, "कुठे आहे?" घास तिच्या तोंडात होता. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून ग्रुपवर लिहिते. कुणावर राग नाही.

बी-१०२: काकू, त्या सातांत माझा अडीच वर्षांचा होता. मोबाईल नसला की दोन घासांत उठतो. उपाशी कसं ठेवू?

ए-२०४: अगं, दिवसभरात दूध किती पितो?

बी-१०२: चार बाटल्या. पाऊण लिटरच्या वर जात असेल.

ए-२०४: मग भूक लागणार कधी? दुधानं पोट भरतं, पण दुधात लोह जवळजवळ नसतं. शिवाय त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोह नीट शोषू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या मध्य प्रदेशात ६ महिने ते ५ वर्षांच्या ७२.७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. मुलं गुटगुटीत दिसतात, म्हणून आपल्याला शंकाही येत नाही. दूध अर्ध्या लिटरच्या आत आण आणि डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन बघून घे.

सी-३०१: पण काकू, मोबाईल बघत का होईना, पोटात जातंय ना?

ए-२०४: जातं, पण भूक आणि पोट भरणं दोन्ही कळेनासं होतं. पोट भरल्याचं मेंदूला कळायला साधारण वीस मिनिटं लागतात. नजर स्क्रीनवर असली की कुणी गरजेपेक्षा जास्त खातं, कुणी घास गालात धरून बसतं. चव, वास, चावणं हे शिकायचं वय निघून जातं. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, २ वर्षांखाली स्क्रीन नको, २ ते ५ मध्ये तासाभराच्या आत, आणि जेवताना नाहीच.

ए-४०३: आमचा नऊ वर्षांचा रात्री अकरापर्यंत क्रिकेट बघतो आणि मग नूडल्स मागतो.

ए-२०४: दादा, झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं. त्या वेळी कुणी भाजी-पोळी मागत नाही. आणि शनिवारी रात्री आपणच त्यांना सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात नेतो, तेही बघायला हवं.

सी-३०१: मी सातला ऑफिसातून येते. पोळ्या होईपर्यंत मोबाईल दिला नाही तर स्वयंपाक होणार कसा?

ए-२०४: दे, मी समजू शकते. आधी फक्त ताटापुढून काढ. जमेल तेव्हा ओट्याजवळ कोथिंबीर निवडायला बसव. घरातलंच जेवण थोडं वाढायचं, अर्ध्या तासानं न रागावता ताट उचलायचं. पुढच्या जेवणापर्यंत मध्ये दूध-बिस्किटं नाहीत. आमच्या नातवाला चार दिवस लागले. दुसऱ्या दिवशीचं रडणं मलाच सोसवत नव्हतं.

बी-१०२: आज दुपारी मोबाईल कपाटात ठेवला. पाच घास खाल्ले, मग खूप रडला. सासूबाई म्हणाल्या, देऊन टाक. नाही दिला. चारला पोहे केले, तर त्यावरची शेव आधी वेचून खाल्ली आणि मग पोहेही स्वतःच्या हातानं. निम्मे जमिनीवर सांडले.

ए-२०४: सांडू दे. पोह्यांवर लिंबू पिळत जा, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं.

बी-१०२: हो काकू. रक्त तपासायला उद्या सकाळी नेते.