विषय: मार्लिन ३३६ ला सरळ दस्ता बसतो का? शुक्रवारच्या आत सांगा

प्रेषक: नीलेश (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या गडबडीत विचारतोय, पण दुकानदाराने रायफल शुक्रवारपर्यंतच बाजूला काढून ठेवली आहे. जुनी मार्लिन ३३६ लिव्हर रायफल, .३०-३० काडतुसाची, नळीवर जेएमचा शिक्का (मार्लिनच्या जुन्या कारखान्याचा). किंमत माधवकाकांनी मागे सांगितली होती त्याच्या आतच आहे.

अडचण एकच. तिला पिस्तूल ग्रिप आहे, म्हणजे दस्ता मुठीपाशी खाली वाकलेला, आणि मला सरळ दस्ता हवाय. सुहासच्या विंचेस्टर ९४ ने रेंजवर बार काढले तेव्हापासून हाताला तोच बसलाय. दुकानदार म्हणतो, आत्ता घेऊन टाक, सरळ दस्ता नंतर मागव, एका स्क्रूचं काम आहे. खरंच एवढंच आहे का? कोणी केलंय का?

हरणाचा सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतोय. त्याआधी रायफल झिरो करायला (नेम जुळवून घ्यायला) एकदोन रविवार तरी हातात हवेत.

नीलेश

ता.क. वर स्कोप लावणार आहे.

---

प्रेषक: माधव (वॉकेशा)

नीलेश,

एका स्क्रूचं काम नाही. स्क्रू एकच आहे हे खरं: रिसीव्हरच्या (यंत्रणा असते त्या लोखंडी पेटीच्या) मागे जी वरची पट्टी निघते, टँग, तिच्यातून तो लाकडाच्या आरपार जातो आणि खालच्या ट्रिगर गार्डच्या पट्टीत बसतो. घोळ त्या खालच्या पट्टीतच आहे. पिस्तूल ग्रिपच्या ३३६ मध्ये ती मागच्या बाजूला खाली वाकलेली असते. लिव्हरही (खाली ओढून काडतूस भरतात ती कडी) त्याच बाकाचा असतो, म्हणजे मिटल्यावर तो ग्रिपला लागून बसतो. सरळ दस्त्याचं लाकूड त्या पट्टीवर बसणारच नाही. बदलायचं तर लाकूड, पट्टी आणि लिव्हर तिन्ही बदलावे लागतात.

त्यात चाप आणि सिअर (घोडा अडकवून धरणारा तुकडा) त्या पट्टीतच बसवलेले असतात. दुसऱ्या रायफलची पट्टी आणून लावलीस तर घोडा नीट धरला जातोय की नाही, हे गनस्मिथकडून तपासून घेतल्याशिवाय त्यात काडतूस घालायचं नाही. ३३६टी, जिला टेक्सन म्हणत, ती सरळ दस्त्याची होती. तिचे सुटे भाग कधीमधी विकायला येतात, पण ते शोधून, बसवून, तपासून होईपर्यंत तुझा सीझन उलटून गेलेला असेल आणि खर्च वेगळाच.

मार्लिनमध्ये ग्रिप रायफलबरोबरच घ्यायची असते. सरळ हवी तर सरळच शोध. ही आवडली असेल तर आहे तशी घे.

आणि तू ता.क. मध्ये जे लिहिलंस ते खरं तर वर लिहायला हवं होतं. स्कोप लावणार असशील, म्हणजे निवांत नेम धरणार असशील, तर ही पिस्तूल ग्रिप अडचण नाहीच.

माधव

---

प्रेषक: सुहास (ब्रूकफील्ड)

माझ्या ९४ चं नाव निघालं म्हणून लिहितो.

माधवकाकांचं पट्टीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण शेवटची ओळ मला पटत नाही. लिव्हर रायफल सरळ दस्त्याचीच असावी असं माझं ठाम मत आहे. विंचेस्टर १८६६ ची घ्या, १८७३ ची घ्या, ९४ कार्बाइन घ्या, सगळ्या सरळ. घोड्याच्या खोगिराला लावलेल्या म्यानातून ओढून काढायची तर मागे काही बाक नको होता. आपल्याकडे घोडा नसला तरी दिवसभर एका हातात रायफल धरून चालताना तोच फायदा मिळतो. तोल रिसीव्हरपाशी येतो, मूठ हवी तिथे पुढेमागे सरकते.

दुसरं म्हणजे ९४ मध्ये लिव्हर वर घट्ट आवळल्याशिवाय चाप सुटत नाही. सरळ दस्त्यावर खालची तिन्ही बोटं आपोआप वरच्या दिशेने आवळतात.

नीलेश, तू ज्या बाराबद्दल बोलतोयस तो तू उभा राहून, उघड्या साइटने काढला होतास. तो हात तुला आवडला. त्यावर स्कोप चढवून मग ग्रिपला दोष देऊ नकोस. माझी ९४ जुनी आहे, रिकामं काडतूस सरळ वर उडवते, तिच्यावर मधोमध स्कोप बसतच नाही. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. आपल्या भागात दाट झाडीत किती लांबचं दिसतं?

सुहास

---

प्रेषक: शमा (ओ क्लेअर)

सुहास, "आपल्या भागात" म्हणजे तुमच्या भागात. आमच्याकडे मक्याचं शेत कापलेलं असतं आणि हरीण त्याच्या पलीकडच्या कडेने जातं.

नीलेश, मी डावखुरी आहे आणि माझे हात लहान आहेत, म्हणून हा प्रश्न मी पुष्कळ घोळवला आहे. लिव्हर रायफल घेतलीच ती दोन्ही हातांना सारखी म्हणून. (मार्लिनचा सेफ्टीचा खटका मात्र उजव्या हाताच्या सोयीचा. १९८० च्या दशकाआधीच्या ३३६ ला तो नसतोच, तुझी कुठली आहे ते बघून घे.)

दोन्ही प्रकार मी हाताळले. मचाणावर बसून, गुडघ्यावर किंवा कठड्यावर रायफल टेकवून नेम धरायचा असेल तर पिस्तूल ग्रिप. सरळ दस्त्यावर मनगट पुढे मोडतं आणि कोपर बाहेर जातं. उभं राहून ते चालतं, उलट उंचावलेल्या कोपरामुळे खांद्यात चांगला खळगा तयार होतो. पण टेकवून बसल्यावर कोपर खाली येतं आणि मग मनगटाला पीळ पडतो. अर्धा तास त्या स्थितीत बसलं की बोट चापावर सरळ मागे येत नाही, किंचित खाली ओढतं. पिस्तूल ग्रिपमध्ये तळहाताला मागून आधार मिळतो, त्यामुळे बोट मोकळं राहतं.

सरळ दस्त्याच्या बाजूने सांगायची गोष्ट म्हणजे हातमोजे. जाड हातमोजे घातले की चापापर्यंतचं अंतर बदलतं. सरळ दस्त्यावर मूठ बोटभर मागे घेता येते, पिस्तूल ग्रिपमध्ये हात एकाच जागी अडकतो. त्या थंडीत हे खरंच जाणवतं. आणि दस्ता कुठलाही असो, बार काढताना अंगठा वरून पलीकडे टाकू नकोस, बाजूला ठेव. गाल पुढे गेलेला असला तर धक्क्याने अंगठ्याचं हाड नाकावर येतं.

रेंजला रविवारी मी येतेय, माझी रायफल नीलेशने वापरून बघावी. कोणाच्या मतावर जाण्यापेक्षा ते बरं.

शमा

---

प्रेषक: अशोककाका (मिलवॉकी)

शमाने कोपराचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. आमच्या राजापूरकडच्या घरी ठासणीची बंदूक होती, पीक-संरक्षणाच्या परवान्यावर. भात पिकायला आलं की रात्री रानडुकरं उतरत. आजोबा शेताच्या बांधावर बसून असत. त्या बंदुकीचा दस्ता गावच्या सुताराने केलेला, मुठीशी थोडासाच बाक, जवळजवळ सरळच. आजोबा बसून बार काढताना उजवं कोपर गुडघ्याच्या आतल्या बाजूला न टेकवता मुद्दाम हवेत ठेवत. आम्हाला वाटे ही त्यांची सवय. मनगट मोडू नये म्हणून ते तसं करत, हे शमाच्या पत्रामुळे नीट लक्षात आलं. बांधावर दारू ठासून झाल्यावर गज बाजूला काढून ठेवला की नाही हे ते हाताने चाचपून बघत आणि मगच केप चढवत. तो क्रम कधी चुकला नाही.

नवीन मुलांनी दस्त्याची चर्चा करावी, पण आधी हा क्रम अंगी बाणवावा, ही विनंती.

अशोक

---

प्रेषक: कार्यकारिणी

मंडळी, विषय चालू द्या, पण दोन सूचना. या यादीवर बंदुकांची खरेदी-विक्री करायची नाही, हे गेल्या वर्षीच ठरलं आहे. आणि मंडळाच्या जेवणात हरणाचं मटण ठेवावं की नाही हा वाद या धाग्यात आणू नये. त्यासाठी बैठक आहे.

---

प्रेषक: तन्मय (मॅडिसन)

मी यादीवर नवीन आहे. एच-१बी वर आहे. शमाताई म्हणतात तसं रविवारी येऊन रायफल चालवून बघितली तर चालेल का?

---

प्रेषक: माधव (वॉकेशा)

तन्मय, आधी थांब. एच-१बी नॉन-इमिग्रंट व्हिसा आहे. त्या व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, आणि दुसऱ्याची हातात घेतली तरी ती बाळगलीच असं धरलं जाऊ शकतं. यात जे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एक: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना जवळ असला पाहिजे. विस्कॉन्सिनचा तो परवाना काढायचा तर १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा आधी कोर्स, मग परवाना, मग रेंज. आणि तुझ्या इमिग्रेशनच्या वकिलाला लेखी विचारून घे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. या रविवारी ये, पण बघायला.

सुहास, मॉडेल ६४ विसरलास. विंचेस्टरने ९४ च्याच यंत्रणेवर १९३३ मध्ये ती पिस्तूल ग्रिप देऊन काढली. ब्राउनिंग कंपनीची लिव्हर रायफल, बीएलआर, तर दोन्ही दस्त्यांत निघाली आहे. तेव्हा "लिव्हर म्हणजे सरळच" हे विंचेस्टरलाही मान्य नव्हतं.

माधव

---

प्रेषक: सुहास (ब्रूकफील्ड)

६४ विसरलो नाही. १९५७ ला ती बंद झाली आणि साधी ९४ चालू राहिली. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ ला बंद पडला तोवर सत्तर लाखांच्या वर ९४ विकल्या गेल्या होत्या. लोकांनी कौल दिलाय.

---

प्रेषक: वसंत (अ‍ॅपलटन)

माझं सुतारकाम आहे म्हणून लाकडाबद्दल लिहितो, बाकी वादात मला पडायचं नाही.

नीलेश, रायफल अजून दुकानात आहे ना? मग ती उजेडात घेऊन वरच्या टँगच्या मागच्या टोकाला लाकूड बघ. केसासारखी बारीक रेघ असेल तर ती भेग आहे. टँगचं लोखंड धक्क्याने मागे येतं आणि लाकडाला पाचरीसारखं फाडतं. कित्येक जुन्या लिव्हर रायफलींत ती तिथेच सापडते. नखाने चाचप, तेलाच्या थराखाली डोळ्याला दिसत नाही.

दुसरं म्हणजे रेषा. सरळ दस्त्यात अक्रोडाच्या रेषा मुठीच्या भागातून आरपार सरळ जातात, म्हणून तो भाग बारीक असूनही टिकतो. पिस्तूल ग्रिपचा बाक फळीतून कापून काढावा लागतो. फळी नीट निवडलेली नसेल तर त्या रेषा बाकापाशी तुटतात आणि ग्रिप तिथेच कच्ची राहते. चांगल्या कारागिराने रेषा मुठीतून तिरकी खाली जाईल अशी फळी धरलेली असते. ग्रिपच्या बाजूने बघ. रेषा ग्रिपच्या खालच्या टोकाकडे वळत असतील तर बिनधास्त विकत घे. आडव्या कापल्या गेल्या असतील तर भाव पाड किंवा सोडून दे.

वसंत

---

प्रेषक: शमा (ओ क्लेअर)

वसंतदादा, हे फार उपयोगाचं. माझ्या ३३६ ची रेषा आत्ताच बघून आले, ग्रिपमधून छान वळते.

सुहास, कौल किमतीचाही असतो. साधी ९४ स्वस्त होती.

---

प्रेषक: नीलेश (मॅडिसन)

सगळ्यांचे आभार. आज जेवणाच्या सुट्टीत दुकानात जाऊन आलो. टँगच्या मागे भेग नाही, नखाने चाचपून पाहिलं. रेषा बाकाबरोबर खाली जाते. सेफ्टीचा खटका नाही, म्हणजे शमाताई म्हणतात त्या आधीची. घोडा अर्धा ओढला की तिथे नीट थांबतो.

काउंटरवर कोपर टेकवून धरली तेव्हा मनगटाचा फरक लगेच कळला. उभा राहून मात्र अजूनही सुहासचीच बरी वाटते. मी बहुतेक मचाणावरच बसणार आहे, शिवाय स्कोप. दस्ता बदलण्याचा विचार सोडला. माधवकाका, जाड हातमोज्यांचं काय करू? लिव्हरच्या कडीत बोटं अडकतात.

---

प्रेषक: माधव (वॉकेशा)

मोठ्या कडीचा लिव्हर मिळतो, पण घेताना तो पिस्तूल ग्रिपच्या बाकाचा आहे ना हे विचार, सरळ दस्त्याचाही त्याच नावाने विकतात. या सीझनला तरी आहे तोच ठेव. उजव्या हाताला पातळ लोकरी मोजा घाल आणि हात कोटाच्या खिशात ऊबेला ठेव. काडतुसं १५० किंवा १७० ग्रेन वजनाच्या, चपट्या टोकाच्या गोळीची घे. नळीखालच्या मॅगझिनमध्ये एकाच्या मागे एक बसतात, टोकदार गोळीचं टोक पुढच्याच्या कॅपवर येतं आणि धक्क्याने ती फुटू शकते. होर्नाडीची लवचिक रबरी टोकाची (लेव्हरेव्होल्यूशन) मात्र चालतात.

रविवारी नऊला रेंजच्या फाटकापाशी. टँगच्या स्क्रूला नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर मी आणतो, कोणाचा ढिला असेल तर तिथेच आवळू.